त्यांचा डावा पाय, ताईंचा उजवा हात

वाशीम जिल्ह्यात ज्या माणसाला आमच्या थोरल्या साडूंनी आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही, तो माणूस एक तर कालपरवा जन्मलेला असावा, किंवा साडूंना समोरून येताना पाहून वेळेवर गल्लीत वळलेला असावा. तिसरी शक्यता मला दिसत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. शेलूबाजारच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. वांगी, टमाटे, मेथी आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मी मूळचा नाशिककडचा असल्यामुळे मला लग्नानंतर कळलं, आणि तेही साडूंनीच सांगितलं; पण सांगता सांगता, "मंग तुमच्याकडं कोथिंबीरच काहून म्हंते?" असा प्रश्न त्यांनी मला टाकलाच. मी नोकरीनिमित्त वाशीमला आलो, शाळेत भूगोल शिकवू लागलो, इथलाच जावई झालो, आणि या प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.

त्यांच्या प्रश्नांना हेतू नसतो, हे प्रथम समजून घेतलं पाहिजे. कोणाचं उणं काढायचं, कोणाला अडवायचं, असलं काही त्यांच्या मनात नसतं. एखाद्याला पानाची सवय असावी तशी त्यांना विचारण्याची सवय आहे. एसटीत बसले की कंडक्टरला विचारतात, "तिकिटाच्या मशीनमदला कागद सरत आला हे तुमाले आंधी समजते का मशीनले?" एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना, अंतरपाट धरून उभ्या असलेल्या गुरुजींच्या कानाशी लागून त्यांनी विचारलं होतं, "महाराज, पाटाचं दुसरं टोक धराले पोट्टं बुटकं भेटलं का मंग तुमी वाकता का पाट वाकडा धरता?" गुरुजींचं एक कडवं चुकलं. मला तर त्यांनी पहिल्याच भेटीत गाठलं. "मास्तर, नकाशात उत्तर वरतंच काहून? खालतं ठेवली तर काय बिघडते?" मी काहीबाही बोललो. रात्रभर मला तो प्रश्न टोचत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न वर्गात विचारून, मुलांना उत्तर न येण्याचं समाधान मिळवलं.

या माणसाचं घर, भाजी, प्रश्न आणि जीव, सगळं ज्या एका गोष्टीवर चालत आलं ती म्हणजे त्यांची जुनी जीप. तिचा मूळ रंग कोणता याबद्दल घरात दोन मतं आहेत. तिची दारं दोरीनं बांधलेली असत, आणि हॉर्न सोडून तिचं सगळं वाजत असे. भल्या सकाळी वांग्यांची पोती आणि सांबाराच्या जुड्या भरून ही जीप वाशीमच्या बाजारात जायची, आणि दिवसभर आजूबाजूच्या गावांत कोणाचं बाळंतपण, कोणाचं लग्न, कोणाचा बैल आजारी, असल्या सगळ्या कामांना उपयोगी पडायची. साडूंनी कधी कोणाला नाही म्हटलं नाही. बाळंतिणीला दवाखान्यात नेताना मात्र ते वाटेत तिला काय काय विचारत असतील, याची कल्पना करून मी अस्वस्थ होत असे.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्या जीपमध्ये मागे बसलो तेव्हाचा प्रसंग मी कधी विसरणार नाही. साडू चालवत होते. त्यांच्या डाव्या बाजूला ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, पदर खोचून ताठ बसलेल्या. गाडी निघाली तसा साडूंचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि शेतांकडे वळला. "ते पाहा मास्तर, ती तूर. अन् तिच्या बाजूले हरबरा. असं काहून लावलं असीन बरं त्यानं?" हात हवेत, नजर तुरीत, तोंड माझ्याकडे, आणि गिअर मात्र पडत होते. पहिला, दुसरा, तिसरा, अगदी बिनबोभाट. मला वाटलं, जीप जुनी असली तरी कोणी काहीतरी यांत्रिक करामत करून ठेवलेली दिसते. मग माझं लक्ष खाली गेलं. गिअरच्या दांड्यावर हिरव्या बांगड्यांचा एक हात होता. गिअर ताई टाकत होत्या.

याची कथा अशी. फार वर्षांपूर्वी, नवं नवं लग्न झालेलं असताना, साडू चिंच पाडायला चढले आणि चिंचेच्या आधी स्वतःच पडले. (झाडावर ते मुंगळ्यांना काहीतरी विचारत असावेत असा माझा अंदाज आहे.) डावा हात प्लास्टरमध्ये गेला. वांगी तर तोडून ठेवलेली, आणि बाजार काही कोणाच्या हातासाठी थांबत नाही. तेव्हा ताई जीपमध्ये चढून बसल्या आणि म्हणाल्या, "तुमी पायानं दाबा, मी हातानं टाकते." पहिले काही दिवस जीप इतकी ओरडायची की बाजारातले लोक आवाजावरूनच वांग्यांचा भाव काढू लागले. साडू क्लच दाबून "हं" म्हणायचे, ताई दांडा सरकवायच्या. मग "हं" इतकं बारीक झालं की ते मागच्या माणसाला ऐकूच येईना. यथावकाश प्लास्टर निघालं, हात बरा झाला. पण "आता राहू दे, मी टाकतो" असं साडूंनी कधी म्हटलं नाही, आणि "आता तुमीच टाका" असं ताईंनी कधी म्हटलं नाही. मुलं झाली, मुलांची लग्नं झाली, मुलगी पुण्याला आणि मुलगा नागपूरला गेला, आणि हे दोघं मिळून एक गाडी चालवत राहिले. त्यांच्या संसारात कौतुकाचे शब्द फारसे नव्हते. ताईंनी केलेल्या भाजीला साडूंनी कधी चांगलं म्हटल्याचं मी ऐकलं नाही, "ह्यात ओवा काहून घातला?" एवढंच विचारायचे, आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. पण त्या जीपमध्ये त्यांचं जे चालायचं त्याला मी कौतुकाशिवाय दुसरं नाव देऊ शकत नाही. त्यांना तसं म्हटलं असतं तर त्यांनी मला "कौतुक म्हंजे नेमकं काय, मास्तर?" असं विचारून गप्प केलं असतं, ही गोष्ट वेगळी.

तर गेल्या हिवाळ्यात या सगळ्यावर संकट आलं. साडूंचा डावा गुडघा बोलायला लागला. मळ्यात पाटाचं पाणी वळवताना वाकायला त्रास, जिना चढताना त्रास. पण ते कोणाला कबूल करायचे नाहीत. "जरासा आखडला. थंडी हाय ना." शेवटी मुलानं नागपूरहून येऊन त्यांना वाशीमच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडात धरला आणि सांगितलं, "गुडघ्यातली गादी झिजली आहे. डाव्या पायावर जोर नको. क्लचची गाडी बंद. चालवायचीच असेल तर ऑटोमॅटिक घ्या. नाही तर ड्रायव्हर ठेवा." एरवी साडूंनी या पाच वाक्यांवर डॉक्टरांची संध्याकाळ खर्ची घातली असती. त्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "उजवा पाय ठीक हाय ना?" आणि उठले.

जीप आता तशीही थकली होती. गाडी नवी घ्यायची हे ठरलं. पण कोणती? ही गोष्ट दुसऱ्या कोणाच्या घरी असती तर डॉक्टरांच्या वाक्यातच संपली असती. साडूंनी तिचं संशोधन केलं. नव्या साध्या गाड्यांचे क्लच म्हणे लोण्यासारखे मऊ असतात, तेव्हा गिअरची गाडी चालेल का. की ऑटोमॅटिकच घ्यावी, आणि त्यातही ती स्टिअरिंगच्या मागे दोन पात्या असलेली, पॅडल शिफ्टरची? शेलूबाजारच्या चौकात उभ्या असलेल्या एकूण एक जीपवाल्यांची मतं त्यांनी घेतली. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याचं घेतलं. गुरांच्या डॉक्टरांचंही घेतलं, कारण साडूंच्या मते बैल आणि ऑटोमॅटिक गाडी यांच्यात काही साम्य असावं. "बैल कसा, वेसण नाई ओढली तरी चढ आला का सोताच जोर लावते. पण डाक्टरसाहेब, त्याले चढ आला हे पायानं समजते का डोळ्यानं?" डॉक्टर म्हशीला इंजेक्शन देत होते. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण संध्याकाळी त्यांचा मला फोन आला की, तसं पाहिलं तर प्रश्न चांगला आहे.

वाशीमच्या शोरूममध्ये तर साडूंची पावलं वाजली की तिथल्या तरुण विक्रेत्याच्या कपाळावर घाम यायचा. गृहस्थ गोड होता, सगळ्यांना काका म्हणायचा. पहिल्या दिवशी तो उत्साहानं सांगू लागला, "काका, ही गाडी स्वतःच गिअर बदलते. आणि तुम्हाला वाटलं तर स्टिअरिंगच्या मागे हे पॅडल आहेत. उजवं ओढलं की गिअर वर, डावं ओढलं की खाली."

"थांबा," साडू म्हणाले. "गाडी सोताच गिअर टाकते ना?"

"हो काका."

"मंग ह्या पात्या कायले देल्ल्या? घरी स्वैपाकाले बाई ठेवाची, तिले पगार द्याचा, अन् ती पोळ्या लाटून राह्यली असतानी आपुनच उलथनं घेऊन मंदात घुसाचं, असं हाय का हे?"

विक्रेता जरा गोंधळला. "काका, ते चालवल्यासारखं वाटावं म्हणून असतं."

"म्हंजे हे चालवनं नोहे, असं तुमालेबी वाटते ना?"

शेवटी एका एसटी ड्रायव्हरनं त्यांचं समाधान केलं. घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर राहिलं तर ब्रेक तापतात. तेव्हा गिअर खालचा हवा, आणि तो कधी हवा हे पुढचं वळण पाहणाऱ्या माणसाला कळतं, यंत्राला कळत नाही. म्हणून पात्या. हे साडूंना पटलं. नुसतं पटलंच नाही, त्या पात्यांचं त्यांना वेड लागलं. मी एका रविवारी मळ्यावर गेलो तर हे ओसरीवर बाजेवर पाय सोडून बसलेले, हातात मोठी परात उभी धरलेली, आणि परातीच्या मागे सुतळीनं दोन उलथनी बांधलेली. डोळे मिटून तोंडानं इंजिनाचा आवाज काढत होते. आवाज चढला की उजवं उलथनं ओढायचे, उतरला की डावं. भाजी घ्यायला आलेला व्यापारी अंगणात उभा राहून हे पाहत होता. त्याला यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही, तो इतकंच म्हणाला, "भाऊ, वळनावर जरा लवकर कमी करत जा." आतून ताईंचा आवाज आला, "अजी, पोळ्या करपून राह्यल्या. एक तरी उलथनं द्या!"

सगळेजण हसत होते, आणि दिवस मात्र जात होते. साडूंचा निर्णय काही होत नव्हता. मुलगा नागपूरहून चिडून फोन करायचा. डॉक्टरांनी बंद केलेली जीप साडू तशीच दामटत होते. बाजाराला जाणं चुकवत नव्हते. मला कोडं पडलं. पात्या समजल्या, आवडल्या, परातीवर सरावही झाला. मग हा माणूस अडलाय कुठे? एके दिवशी वांग्यांच्या ओळींमधून त्यांच्याबरोबर चालता चालता मी सरळ विचारलं. उलट प्रश्न विचारण्याची ती माझी पहिलीच वेळ असावी.

साडू थांबले. एक वांगं हातात घेऊन त्याची कीड पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, उजवी पाती माह्या उजव्या हातात. डावी पाती माह्या डाव्या हातात. बरोबर ना?"

"बरोबर."

"मंग तिनं काय करा?"

मला क्षणभर उमजलं नाही. मग उमजलं. ते पुढे म्हणाले, "तिले गाडीत निरं पोतं ठेवल्यावानी बसवाचं? इतके वर्सं माह्यासंगं राबली ते. आता सांगू, का तुहं काम गाडी करते, तू चूप बस? नाई जमत मले. गिअरचीच घेतो. पाय काय, दुखते तर दुखते."

"आणि अजिबात उठता येईनासं झालं म्हणजे?"

"तवाचं तवा पाहू," ते म्हणाले, आणि कीड लागलेलं वांगं बांधावर फेकून त्यांनी विषय संपवला. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती एरवी बहिणीच्या नवऱ्याची फार थट्टा करते. त्या दिवशी तिनं केली नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात दोन्ही गाड्या चालवून पाहायचं ठरलं. साडूंनी ताईंना बरोबर आणलं होतं आणि मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. आधी पात्यांची गाडी. साडू उजवीकडे, ताई डावीकडे, मागे मी आणि तो तरुण विक्रेता. गाडी आवाज न करता निघाली, आणि साडूंच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं नवल पसरलं. डावा पाय खाली मोकळा पडला होता. त्याचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. अकोला रस्त्याला लागलो. वेग वाढला, आणि रस्ता मोकळा पाहून, जन्मभराच्या सवयीनं, त्यांच्या तोंडून बारीक "हं" निघालं.

ताईंचा हात तितक्याच सवयीनं मधल्या दांड्यावर पडला आणि दांडा पुढे सरकला.

इंजिन एकदम बोंबललं आणि गाडी मात्र जोर सोडून नुसती घरंगळायला लागली. "मॅडम, मॅडम, हात काढा! न्यूट्रल झालं!" विक्रेता पुढच्या दोन्ही सीटांच्या मधून जवळजवळ आरपार गेला. साडूंनी गाडी कडेला घेतली. कोणाला काही झालं नव्हतं, गाडीलाही काही झालं नव्हतं. विक्रेत्यानं घाम पुसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, यात तुम्हाला काहीच करायचं नाही. तुम्ही फक्त आरामात बसायचं." बिचारा चांगल्या मनानं बोलला. ताईंनी हात पदराखाली घेतला. साडूंनी ते पाहिलं, आणि म्हणाले, "चाला वापस. हे नाई पायजे. साधी दाखवा."

मग साधी गाडी. गिअर, क्लच, सगळं ओळखीचं. निघताच दोघांचं गणित जुळलं. साडूंनी दाबलं, ताईंनी टाकलं. इतकं सफाईदार की विक्रेता थक्क होऊन माझ्याकडे पाहायला लागला. मी त्याला घरचीच गोष्ट असल्यासारखी मान डोलावली. साडूंचा डावा हात बाहेर गेला, प्रश्न सुरू झाले. "हा पेट्रोल पंप अठी कवा झाला? अन् ह्यानं तोंड रस्त्याकडं काहून नाई केलं?" सगळं पूर्ववत. मला वाटलं, चला, ठरलं. परत फिरताना बस स्टँडच्या बाजूला गर्दी लागली. थांबा, निघा, थांबा, निघा. दर वेळी क्लच. साडूंचे प्रश्न कमी होत गेले आणि मग थांबले. मानेवर घाम दिसायला लागला. पुढे एक लहानसा चढ होता. त्यांनी दात आवळून पाय दाबला आणि म्हणाले, "हं."

गिअर पडला नाही. ताईंचा हात दांड्यावर होता, पण तो हलत नव्हता.

"अवं, हं म्हनून राह्यलो ना."

"क्लच पुरा नाई दाबला तुमी," ताई म्हणाल्या.

"दाबला."

"नाई दाबला. लय दिसापासून नाई दाबत. पाय तुमचा अर्ध्यावर थरथरते, गिअर माह्या हातात खरखर करते. मी थांबते. तुमचा पाय खाली पोचला का मंग टाकते. तुमाले वाटते बराबर पडून राह्यला."

मागून हॉर्न वाजत होते. साडूंनी हँडब्रेक ओढला. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरण्याच्या कितीतरी आधी, त्यांच्या गुडघ्याचं दुखणं एका दांड्यातून ताईंच्या तळव्यापर्यंत पोचलेलं होतं. ते त्यांनी आपल्या हातात जिरवून घेतलं होतं. गाडीला कळू दिलं नव्हतं, आणि नवऱ्यालाही.

"मंग सांगतलं काहून नाई?" साडूंनी विचारलं.

"तुमी सांगतलं का?"

या प्रश्नावर आमच्या थोरल्या साडूंकडे पुढचा प्रश्न नव्हता. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून हे प्रथमच घडत होतं. जरा वेळानं ते अगदी हळू म्हणाले, "पण मंग त्या गाडीत तू काय करशीन?"

"बसीन," ताई म्हणाल्या. "खिडकीतून पाहीन. तुमी इतके वर्सं हे पाहा, ते पाहा करून राह्यले, मी कवा काई पाह्यलं का? माह्यं ध्यान सारं तुमच्या पायाकडं. कोनाची तूर अन् कोनाचा हरबरा, मले काय माइत! मी निरं हो हो म्हनत होती." मग त्या मागे वळल्या आणि विक्रेत्याला म्हणाल्या, "बाबू, ते पात्यावालीच बांधा. रंग मी पाहीन."

विक्रेत्यानं डोळे पुसले की घाम पुसला, ते मला नीट दिसलं नाही. माझेही डोळे त्या वेळी काही फार कामाचे नव्हते.

गाडी आली. पांढरी, ताईंच्या पसंतीची. जीप मळ्यातच उभी आहे; तिच्यात आता कोंबड्या राहतात, आणि तिची दोरी अजून सुटलेली नाही. साडूंनी पहिले काही दिवस पात्या इतक्या ओढल्या की गाडीला आपलं मत म्हणून काही उरलंच नाही. पुढे त्यांनी ते सोडून दिलं. आता ते उतार लागला तरच डावी पाती हलकेच ओढतात, आणि बाकी वेळ गाडीला तिच्या मनानं जाऊ देतात. गुडघा बराच बरा आहे. त्यांच्यासारख्या माणसाला शोभेल इतपतच कुरकुर करतो.

मागच्या महिन्यात किन्हीराजाला एक लग्न होतं. मी आणि माझी बायको त्यांच्याच गाडीतून निघालो. ताई खिडकीपाशी बसलेल्या, काच पूर्ण खाली, हात मांडीवर. वाटेत रस्त्याच्या कडेला एक तळं लागलं. फार मोठं नाही. काठाला बाभळी, पाण्यात दोन-चार पांढरे पक्षी. ताई एकदम म्हणाल्या, "अजी, हे तळं कवा झालं?"

साडूंनी गाडी हळू केली. त्या रस्त्यानं त्यांनी मिळून किती भाजी नेली असेल, किती वराती नेल्या असतील. "आपलं लगन झालं तवापासून हाय," ते म्हणाले. मग थोडं पुढे जाऊन त्यांनी गाडी कडेला लावली. काही न बोलता उतरले. आधी उजवा पाय, मग दाराला धरून बेतानं डावा. गाडीला वळसा घालून त्यांनी ताईंच्या बाजूचं दार उघडलं. हे मी कधी पाहिलं नव्हतं. जीपला उघडण्यासारखं दारच नव्हतं म्हणा.

दोघं काठाशी जाऊन उभे राहिले. ऊन पाण्यावर होतं. ताई काहीतरी दाखवत होत्या, आणि साडू त्यांच्या बोटाच्या दिशेनं पाहत होते. आमचा मुहूर्त टळायला आला होता. मी मागच्या सीटवरून पुढे झुकलो आणि हॉर्नकडे हात नेला, तर माझ्या बायकोनं तो मधेच धरला.

"राहू द्या ना," ती म्हणाली. "लगन लागते आपल्याबगर."